आधी त्या दाराला कडी लावा

ताई, मी ३४ वर्षांची, नवरा ३७ चा. मुलुंड पूर्वेला १९८४ सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं वन बीएचके आहे. सासूबाई आमच्यासोबत राहतात, हॉलमधल्या दिवाणावर झोपतात. लग्नाला सहा वर्षं झाली, गेली दोन वर्षं बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. माझी सोनोग्राफी आणि थायरॉइडची तपासणी झाली, डॉक्टर म्हणाल्या सगळं ठीक आहे. दिवाळीनंतर घराचं काम काढायचं चाललंय. जवळ नऊ लाख आहेत आणि कंत्राटदाराचं कोटेशन साडेआठचं आलंय. त्यात हॉलमध्ये पार्टिशन घालून बाळाला अर्धी खोली, गॅलरी आत घेणं, फॉल्स सिलिंग, मॉड्युलर किचन आणि बाथरूम, कारण ते खालच्यांकडे गळतंय. आई म्हणतात, दिवस राहिल्यावर घरात खिळासुद्धा ठोकायचा नसतो, आत्ताच उरकून घ्या. 'ते टेस्ट ट्यूबचं' मात्र त्यांना नको आहे. नवरा म्हणतो, घर एकदा झालं की बाकी सगळं आपोआप होईल. मला भीती वाटते की पैसे संपल्यावर उपचार सांगितले तर? गेल्या आठवड्यात मापं घ्यायला सुतार आला होता. त्याने विचारलं, "वहिनी, पाळण्याची कडी कुठे टाकायची?" मी काही बोलायच्या आत आई म्हणाल्या, "खिडकीजवळ." मी चहा टाकायला म्हणून आत गेले ते बराच वेळ बाहेरच आले नाही. आणखी एक, तसं महत्त्वाचं नाही. बाथरूमचं दार आमच्या बेडरूममध्ये उघडतं. आईंना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, म्हणून आम्ही बेडरूमचं दार नुसतं लोटून ठेवतो. आधी काय करू, घर की उपचार?
एक वाचक, मुलुंड

प्रिय मुलुंडकर,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू 'तसं महत्त्वाचं नाही' म्हणून शेवटी टाकलीस. तुमच्या खोलीला कडी आहे, पण ती लावायची सोय नाही. साडेआठ लाखांच्या कोटेशनमध्ये अजून न आलेल्या माणसाला अर्धी खोली दिली आहे, आणि सहा वर्षं त्या घरात राहणाऱ्या नवरा-बायकोला रात्री दार लावून झोपता येत नाही. यावर कुणीच काही बोललेलं नाही, कंत्राटदाराने नाही, नवऱ्याने नाही, आणि तूही नाही.

दिवस मोजून जवळ येणं हा आधीच एक छळ असतो. पाळीच्या तारखा, मोबाइलमधली ती हिरवी वर्तुळं, आणि 'आज आहे हं' असं भाजी वाढताना हळूच सांगणं. बीज बाहेर पडतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच, असे महिन्यातले जेमतेम सहा दिवस उपयोगाचे. त्यातही बाहेर दिवाण करकरला की दोघं श्वास रोखून पडणार. दार लोटलेलं असल्यामुळे मूल राहत नाही, असं मी अजिबात म्हणत नाही. पण अशा घरात माणसं नकळत तेच दिवस टाळू लागतात. आज दमलोय, उद्या बघू, आईंना बरं नाहीये. डॉक्टरांनी 'नियमित संबंध येतात ना?' असं विचारल्यावर दोघांनी हो म्हणून मान हलवलेली असते, आणि ती नोंद कागदावर तशीच पुढे जाते.

तेव्हा कंत्राटदाराला पहिला प्रश्न हा विचार, की बाथरूमचं दार बेडरूममधून काढून पॅसेजमध्ये नेता येईल का? बाथरूमची एखादी भिंत पॅसेजला किंवा स्वयंपाकघराबाहेरच्या बोळाला लागून असेल, ती साडेचार इंची विटेची असेल आणि तिथे कॉलम किंवा पाइप आड येत नसेल, तर काम तसं मोठं नाही. नवी चौकट, वर लिंटेल, जुनं दार विटांनी बंद. संडास-बाथरूमचे नळ आणि ड्रेनेज जागचं हलवायची गरज नसते. गळतीसाठी बाथरूम फोडावं लागणारच आहे, त्याच धुळीत हेही होऊन जाईल. आईंनाही रात्री अंधारात तुमच्या पलंगाला वळसा घालून जावं लागणार नाही. त्यांना ते आवडत असेल असं वाटतं का तुला? त्यांनाही अवघडतच असणार.

आणि दार हलवता येतच नसेल, तर खोल्या बदला. बाथरूमवाली बेडरूम आईंना द्या आणि हॉलमध्ये जे पार्टिशन बाळासाठी घालणार होतात ते तुम्हा दोघांसाठी घाला. खाली-वर फट नसलेलं, सरकतं नव्हे तर बिजागरीचं दार असलेलं. लोक काय म्हणतील, हॉलमध्ये झोपतात? म्हणू देत. तसंही सध्याच्या आराखड्यात बाळाची अर्धी खोली निघाल्यावर आईंचा दिवाण कुठे राहणार, हे मला तुझ्या पत्रावरून कळलेलं नाही. एकदा कागदावर तो दिवाण काढून दाखवायला सांग कंत्राटदाराला.

आता तुझा मूळ प्रश्न, घर की उपचार. दोन्हींच्या आधी तपासण्या. कोटेशनवर सही करायची ती तपासण्यांचे रिपोर्ट हातात आल्यावरच. पैशांचा गल्ला एकच आहे, आणि त्यातलं किती कुठे लागणार हे रिपोर्टशिवाय कळणार नाही.

बाईचं वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर प्रयत्न करून, आणि ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी तज्ज्ञांकडे जायचं, असा साधारण नियम आहे. तू ३४ ची आहेस आणि दोन वर्षं झाली. म्हणजे उशीरच झालाय, पण घाबरण्यासारखा नाही. तुझ्या सोनोग्राफीत 'सगळं ठीक' म्हणाल्या त्यात गर्भाशय आणि बीजकोश आले. बीजनलिका उघड्या आहेत की नाहीत, हे साध्या सोनोग्राफीत कळत नाही. त्यासाठी एचएसजी नावाचा एक्स-रे असतो, पाळी संपल्यावर बीज सुटायच्या आधी करतात. थोडं दुखतं. त्या दिवशी ऑफिसला दांडी मार.

आणि तुझ्या नवऱ्याचं काय? अख्ख्या पत्रात त्याच्या तपासणीबद्दल एक शब्द नाही. मूल न होण्याची जी जोडपी डॉक्टरांकडे येतात, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, कधी एकटं, कधी बायकोच्या कारणाच्या जोडीला. आणि वीर्यतपासणी ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त, बिनदुखी आणि झटपट तपासणी. आधी दोन ते सात दिवस संयम पाळायचा, चांगल्या लॅबमध्ये नमुना द्यायचा, झालं. रिपोर्ट वाईट आला तर एका रिपोर्टवर निकाल लावत नाहीत, काही आठवड्यांनी पुन्हा करतात. त्याला सिगारेट, तंबाखू असेल तर आत्ता सुटायला हवी. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे आज सोडलेल्या सिगारेटचा फायदा दोन-तीन महिन्यांनी दिसेल.

आपल्याकडे बाईच्या चार तपासण्या होतात, एखादी दुर्बीण होते, दोन-तीन उपासतापास होतात, आणि मग कधीतरी कुणाला आठवतं की नवऱ्याचंही बघायला हवं. ही रीत मला अनेक पत्रांतून दिसते आणि दर वेळी तितकाच राग येतो. तुझा नवरा वाईट नाहीये, हे तुझ्या पत्रातून कळतं. लाद्यांचे नमुने आणणं, चार कंत्राटदारांचे भाव काढणं, हे त्याच्या हातात आहे. दर महिन्याला तुझ्या तोंडाकडे बघून काय बोलायचं, हे त्याला कळत नसावं. म्हणून तो घराच्या मागे लागलाय. त्याला म्हण, घराचं तू बघतोयस ना, मग या यादीत ही एक अपॉइंटमेंटही धर आणि तारीख तूच घे. 'तुझ्यात काहीतरी असेल' या सुरात नको.

फोलिक ॲसिड चालू नसेल तर डॉक्टरांना विचारून चालू कर. रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहायच्या निदान महिनाभर आधीपासून घ्यायचं असतं. रुबेलाची, म्हणजे जर्मन गोवराची, प्रतिकारशक्ती आहे का, तेही तपासून घे. नसेल आणि लस घ्यावी लागली, तर त्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळायला सांगतात. तसं झालं तर तोच महिना घर फोडायला ठेवा, कारण त्या महिन्यात प्रयत्न तसेही थांबलेले असतील.

इथे आईंचा खिळा येतो. भिंतीत खिळा ठोकल्याने पोटातल्या बाळाला काहीही होत नाही. पण दिवस राहायच्या आधी घर फोडून, पुसून मोकळं व्हा, हा त्यांचा निष्कर्ष चक्क बरोबर आहे, त्यामुळे कारणावरून वाद घालू नकोस. खरी भीती आहे ती जुन्या रंगाच्या धुळीची. भारतात घरगुती रंगांतलं शिसं दहा लाखांत ९० भागांपर्यंत खाली आणायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचं घर १९८४ चं. चौकटी, खिडक्यांची गजं, स्वयंपाकघराच्या दाराचा तो चकचकीत ऑइल पेंट, यांत एकावर एक चढलेले थर त्याआधीचेच असणार. रंगारी येऊन त्यावर कोरडा पॉलिश पेपर घासतो तेव्हा पिठासारखी धूळ उडते आणि ती पलंगावर, ताटांवर, तुझ्या ओढणीवर बसते. श्वासातून गेलेलं शिसं शरीरात हाडांत साठतं आणि पुढे गरोदरपणात रक्तातून गर्भापर्यंत पोहोचू शकतं. पुरुषाच्या बीजालाही ते बाधतं. म्हणून दोघांनीही त्या दिवसांत घरात राहायचं नाही. घासायचं ते पाणी मारून, ओलं करून. झाडू नको, ओलं फडकं. खिडकीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडून काढू देऊ नकोस. त्या काळच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, आणि तुकडे झाले की तंतू हवेत सुटतात. पत्रे भिजवून, अख्खे उतरवायला सांग.

राहायचं कुठे, हा मुंबईत खरा प्रश्न. आई नणंदेकडे गेल्या आणि तुम्ही दोघं तुझ्या माहेरी किंवा एखाद्या रिकाम्या असलेल्या नातेवाइकांच्या ब्लॉकमध्ये, असं महिनाभर जमवता आलं तर बघा. लोकलचा प्रवास अर्ध्या तासाने वाढला तरी चालेल. आणि दोघांना कुठेतरी स्वतःच्या दाराला कडी लावून महिना मिळाला, तर तेही काही वाईट नाही. परत येताना रंग आणि नव्या प्लायवूडचा वास जाईपर्यंत, निदान आठवडाभर तरी, खिडक्या उघड्या ठेवून मग राहायला या. फर्निचरचं प्लाय घेताना कमी फॉर्मल्डिहाइडचं, ई-झिरो किंवा ई-वन शिक्क्याचं मागा. काम मध्यावर असताना दिवस राहिले तर? राहू देत. काही बिघडत नाही. तू तिथे जायचं नाहीस आणि मुकादमावर ओरडायचं काम नवऱ्याचं.

कामाची वाटणी कर. घराला लागणारी कामं आत्ता होतील. गळणारं बाथरूम, जुनी वायरिंग, बाथरूमचं दार, स्वयंपाकघरात ओटा नि नळ. बाळासाठी म्हणून काढलेली कामं आत्ता नकोत. गॅलरी आत घेणं तर मला मुळीच पटलेलं नाही. ती बाहेर काढलेल्या स्लॅबवर उभी असते, तिच्यावर कपाटं आणि सामानाचं ओझं चढवणं धोक्याचं. आणि पावसाळ्यात लंगोट वाळत घालायला मुंबईत गॅलरीइतकी उपयोगाची जागा दुसरी नाही. गॅलरी आणि खोलीमधली भिंत काढायची म्हटली तर महापालिकेच्या परवानगीचा आणि इंजिनिअरचा प्रश्न येतो. इमारत तिशी ओलांडलेली आहे, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट व्हायलाच हवं, झालं असेल तर सेक्रेटरींकडून अहवाल मागून वाच. त्याच बैठकीत आणखी एक विचार, की सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं कितपत पुढे गेलंय? मुलुंड पूर्वेच्या चाळीस वर्षांच्या इमारतीत हा विषय निघाला नसेल तर नवल. चार-पाच वर्षांत इमारत पडणार असेल, तर मॉड्युलर किचन आणि फॉल्स सिलिंगमध्ये घातलेले पैसे बुलडोझरखाली जाणार आहेत.

अर्ध्या खोलीचंही तसंच. पहिले सहा महिने तरी बाळाने आईबाबांच्याच खोलीत झोपावं, असं बालरोगतज्ज्ञही सांगतात आणि आपल्याकडे तसंही दुसरं काही होत नाही. पहिलं बाळंतपण माहेरी झालं तर त्या खोलीत सुरुवातीला सायकल आणि इस्त्रीचं टेबलच राहील. स्वतंत्र खोली लागेल ती शाळेच्या वयात.

पाळण्याच्या कडीचं उत्तर आत्ताच देऊन टाकते. सुताराला सांग, नको. स्लॅबला ड्रिल मारून अँकर फास्टनरने कडी कधीही बसते, काम फार तर अर्ध्या तासाचं, पण भार झेलणारी कडी असल्याने ती माहितगार माणसाकडूनच बसवायची. आज बसवायचं काही कारण नाही. रोज झोपून वर बघायचं आणि ती रिकामी दिसायची, हे तुझ्यावर का? फक्त त्या खोलीत फॉल्स सिलिंग करू नका, म्हणजे पुढे स्लॅब मोकळा सापडेल. आईंना हे तू सांगू नकोस, त्यांच्या मुलाने सांगायचं. 'आई, सध्या नको' एवढं पुरे. त्यांनी 'खिडकीजवळ' म्हटलं त्यात वाईट हेतू नव्हता, पण ते ऐकून तू आत गेलीस हे त्यांच्या मुलाला कळलंय का? नसेल तर त्याला सांग. मला सांगितलंस तसंच.

पैशांचं माझं मत असं. नऊपैकी चार लाख आजच वेगळे काढा, दोघांच्या नावाने मुदतठेवीत. ते उपचारांचे. खासगी ठिकाणी आयव्हीएफची, म्हणजे आईंच्या त्या 'टेस्ट ट्यूब'ची, एक फेरी दीड-दोन लाखांच्या पुढे जाते, औषधं धरून आणखी, आणि पहिल्याच फेरीत यश मिळेलच असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथून उठून या. किती फेऱ्या करायच्या आणि कुठे थांबायचं, हे दोघांनी पहिल्या फेरीच्या आधी बोलून ठेवा, मध्ये नाही. कदाचित आयव्हीएफपर्यंत जावंच लागणार नाही, गोळ्यांवर किंवा आययूआयवर, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्यावर, निभावेल. मग ते चार लाख तुमचेच आहेत. ऑफिसच्या ग्रुप विम्यात यातलं काही बसतं का, ते एचआरला विचारा. बहुतेक पॉलिसींत बसत नाही, काहींत बसतं. क्लिनिक निवडताना २०२१ च्या एआरटी, म्हणजे सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या, कायद्याखाली त्याची नोंदणी आहे का ते पाहा. दीड लाख अडीअडचणीला ठेवा. उरले साडेतीन. त्यात वरची घराची कामं नीट भाव काढून बसतील, मॉड्युलर नाही बसणार.

आईंच्या 'टेस्ट ट्यूब'बद्दल. नको म्हणायचा त्यांना हक्क नाही, पण धसका समजू शकतो. त्यांना सांगा की हे काही परदेशातून कालपरवा आलेलं नाही. आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या उपचारांतून हर्षा चावडा ही टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मली. तुमची इमारत उभी राहून दोनच वर्षं झाली होती तेव्हा.

बाकी हळदीकुंकवाला 'काय मग, गोड बातमी कधी?' विचारणाऱ्या बायका. त्यांच्यासाठी मी जागा घालवत नाही. हसून 'वाण छान आहे' म्हण आणि पुढच्या खुर्चीकडे सरक.

कंत्राटदाराला सगळे पैसे आधी देऊ नका. टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा हप्ता बाथरूमची चाचणी झाल्यावर. ती चाचणी अशी: नव्या कोब्यानंतर, लादी बसायच्या आधी, नहाणी ट्रॅपला बूच मारून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवायचं, दोन दिवस. मग नवऱ्याने खाली शेजाऱ्यांकडे जाऊन छत हाताने चाचपून बघायचं. कोरडं असेल तरच लादी. डेब्रिजच्या गोण्या कोण उचलणार, कुठे नेणार, लिफ्टचे पैसे कोण भरणार, तेही कोटेशनमध्ये लेखी घ्या. आणि हे सगळं पावसाळ्याच्या आत संपायला हवं, कारण जूनमध्ये प्लास्टर वाळत नाही आणि रंग पापुद्रे धरतो. पौषात सुरू करायचं की पौष संपल्यावर, हे आईंना ठरवू दे. तो मान त्यांचा.

सोसायटीच्या एनओसीचा अर्ज मात्र रिपोर्टची वाट न बघता याच आठवड्यात टाक. कमिटीची मीटिंग सहसा महिन्यातून एकदाच होते, आणि अर्जात बाथरूमच्या दाराचा स्पष्ट उल्लेख कर, नाहीतर भिंत फोडल्यावर सेक्रेटरी येऊन काम थांबवतील.